बुजगावणं मेथीत पाय देत नाही

मखमलाबादच्या शिवारात ‘बुजगावण्याचा सूड’ नावाचा पिक्चर तयार झाला, तेव्हा त्यात कोण कोण मेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मारलं कोणी, हे मात्र पिक्चर संपल्यावरही कोणाला कळलं नाही. ज्यांनी तो काढला त्यांनाही नाही.

काढला होता दीपकने. दीपक लग्नाच्या शूटिंगवाला. पंचवटीत एका गाळ्यात त्याचं दुकान होतं, आणि पाठवणीच्या वेळी नवरीच्या रडण्याला कुठलं गाणं लावायचं यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. पण लग्नसराई संपली की कॅमेराही रिकामा आणि डोकंही रिकामं. भाड्याच्या कॅसेटांवर इंग्रजी खुनाखुनी बघून बघून त्याच्या मनाने घेतलं, की असला एक पिक्चर मराठीत झाला पाहिजे आणि तो आपल्याच हातून. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही लागत नाही.

गोष्ट अशी, की मळ्यातलं बुजगावणं जिवंत होतं आणि विळा घेऊन शहरातून सहलीला आलेल्या पोरापोरींना एकेक करून कापतं. का कापतं, ते शेवटी सांगू म्हणून दीपकने राखून ठेवलं आणि शेवट यायच्या आत कॅसेट संपली. काम करणाऱ्यांची नावं द्यायचीही त्यातच राहून गेली. रात्रीचे सगळे प्रसंग भर दुपारी, भिंगाला निळा कागद लावून घेतलेले. त्यामुळे मध्यरात्री माणसांच्या काळ्याभोर सावल्या पडतात आणि मागे गुरं चरत असतात. रक्त म्हणून गुलालाचं पाणी. दुसऱ्या खुनात मेलेला माणूस चौथ्या खुनाच्या वेळी बांधावर बसून मुरमुऱ्यांचा भत्ता खाताना स्पष्ट दिसतो. शूटिंगच्या वेळचे आवाज पुसून दीपकने त्यावर ढोल आणि कुत्र्यांचं रडणं भरलं, आणि सगळ्या पोरींचे आवाज आपल्या बायकोकडून काढून घेतले. किंचाळणारी आणि तिला ‘किंचाळू नकोस’ म्हणणारी, दोघी एकच.

मळा होता सावळीराम आणि ठमाबाईचा. मेथी, कोथिंबीर, कडेला झेंडू. दीपक हा त्यांच्या ज्ञानेशचा वर्गमित्र, म्हणून मळा फुकट मिळाला. बुजगावणं ज्ञानेशच होणार होता. घरात त्याने तसं छाती फुगवून सांगितलं, आणि ठमाबाईने गोणपाट कापून, दाभणाने शिवून, डोळ्यांना दोन भोकं पाडून त्याला मुखवटा करून दिला. चुन्याने त्यावर दात काढले. तोंडाने मात्र ती गप्प बसणारी नव्हती.

“शूटिंग करा नायतर गाढवं नाचवा,” तिने सगळ्यांना उभं करून सांगितलं, “पण माझ्या मेथीत कुणाचा पाय पडला, तर तुमच्या पिक्चरात खरं रगत दिसंल.”

एवढं बजावून ती जुड्यांचं गाठोडं घेऊन भद्रकालीच्या बाजारात गेली. शूटिंग चाललं ते दिवस तिने बाजारातच काढले. तिच्या तोंडाला सगळं मखमलाबाद वचकून असे, नवऱ्यापासून सुरुवात करून.

पिक्चर एकदाच, एका उन्हाळी दुपारी, गावच्या केबलवर दाखवला. लोक पोट धरधरून हसले. ठमाबाई त्या दुपारीही बाजारातच होती. हसण्याच्या गोष्टी बघायला आयुष्य पडलंय, असं तिला वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात सिन्नरच्या रस्त्यावर जीप उलटली आणि ज्ञानेश गेला.

त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही. आईचं काय झालं असेल हे ज्याचं त्याला कळतं. पण वर्ष उलटल्यावर ठमाबाईला एक नवंच भय वाटायला लागलं. ज्ञानेश कसा चालायचा, ते तिला आठवेना. भिंतीवर त्याचा फोटो होता, दहावीच्या अर्जासाठी काढलेला, मान ताठ आणि डोळे वटारलेले. फोटोतला माणूस चालत नाही. आपल्याकडे माणसाचं शूटिंग व्हायचं ते त्याच्या लग्नात, आणि ज्ञानेशचं लग्न राहिलं होतं. ती डोळे मिटायची, त्याला विहिरीकडून घराकडे चालवायला बघायची, आणि प्रत्येक वेळी दुसराच कोणीतरी चालत यायचा. पोरगं एकदा मेलं, आता दुसऱ्यांदा डोक्यातून जातंय, या धास्तीने ती भाकरी थापता थापता थांबायची.

मग एक दिवस तिला ती कॅसेट आठवली.

लेक स्नेहल सिन्नरला दिलेली. तिने दीपककडून कॅसेट आणली, भाड्याने व्हीसीआर आणला, आणि भाद्रपदातल्या एका दुपारी सगळे टीव्हीपुढे बसले. ज्ञानेशचा दोस्त झुंबर, जो पिक्चरात दोनदा मेला होता, त्यालाही बोलावलं. सावळीराम दाराशी उंबऱ्यावर टेकला.

बुजगावणं आलं. ठमाबाई पुढे सरकली.

“हा का रे आपला?”

“नाय काकू,” झुंबर म्हणाला. “हा मी. ज्याला मोकळा वेळ तो गोणपाट घालायचा. दीपक म्हनला, तोंड झाकल्यावर कोन ओळखतंय.”

“आन हा?”

“हा पन मीच. न्हाई, थांबा. हा सोमा. त्याचं पोट बघा.” बुजगावण्याने विळा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. झुंबरने डोकं खाजवलं. “डावरा तर आमच्यात कुनीच नव्हता.”

अशी सगळी गंमत. बुजगावणं एका प्रसंगात ताडमाड, दुसऱ्यात बुटकं, तिसऱ्यात ढेरपोटं. सगळ्यांत सारखी फक्त अंगावरची घोंगडी आणि फवारणीचे काळे गमबूट, तेही ज्ञानेशचेच. एका खुनात झुंबर मरत होता आणि त्याला मारणाराही झुंबरच आहे, असं झुंबर छातीठोकपणे सांगायला लागला, तेव्हा स्नेहलने त्याला चहा करायला पाठवलं. ठमाबाईला कळेना, की या गोणपाटांच्या गर्दीत आपलं पोरगं शोधायचं तरी कसं. मुखवटा तिनेच शिवला होता. ती दोन भोकं जरा मोठी पाडली असती तर निदान डोळे तरी दिसले असते, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

तेवढ्यात तो प्रसंग लागला.

नायिका होती ऑर्केस्ट्रात गाणारी कोणी भाग्यश्री नावाची मुलगी. ती किंचाळत मळ्यातून पळाली, थेट मेथी तुडवत. मागून बुजगावणं विळा परजत धावलं, आणि मेथीच्या वाफ्याशी येऊन थबकलं. त्याने खाली बघितलं. मग घोंगडी गुडघ्यापर्यंत वर धरली, वाफ्याच्या कडेच्या वरंब्यावर एक पाय ठेवला, त्याच्या पुढे दुसरा, आणि तोल सांभाळत सगळ्या वाफ्याला वळसा घालून पलीकडे गेलं. तोवर नायिका मरण्यासाठी बिचारी उभी राहून वाट बघत होती.

“हाच!” ठमाबाई ओरडली. “हाच माझा ज्ञानू! बघा, मेथीत पाय देईना. मी चालायला शिकवला त्याला या वरंब्यावर!”

“खरंच गं,” स्नेहल डोळे पुसत म्हणाली. “चालणं अगदी बाबांसारखं.”

“खाण तशी माती,” ठमाबाई म्हणाली, आणि पोरगा गेल्यानंतर पहिल्यांदा हसली. “अहो, बघा ना!”

पण सावळीराम उठला होता. “विहिरीवरची मोटार बंद करून येतो,” एवढं म्हणून तो निघून गेला. बाप्यांना असं बघवत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं.

ऐन त्याच ठिकाणी चित्र मात्र गदगदा हलत होतं. बुजगावणं वरंब्यावर चढलं, की मळा, विहीर, आभाळ, सगळंच वर-खाली व्हायचं. पुढे एका लग्नात दीपक भेटला तेव्हा ठमाबाईने त्याला मांडवातच धरलं. “सगळा पिक्चर धड काढलास, आन माझं पोरगं आलं तिथंच तुझा हात थरथरला व्हय रे, मुडद्या?” दीपकला काही उमगेना. सगळा पिक्चर धड काढला, असं त्याला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं. तो त्याच आनंदात राहिला.

तेव्हापासून पितृपक्षात ज्ञानेशच्या तिथीला ठमाबाईची रीत ठरून गेली. घरात व्हीसीआर आला होता. ती ताट वाढायची, भाकरी, मेथीची भाजी, वडे, खीर, आणि ते भिंतीवरच्या फोटोपुढे न ठेवता टीव्हीपुढे ठेवायची. कॅसेट बरोबर त्या जागी आणायची. बुजगावणं वरंब्यावर चढलं की ताटाभोवती पाणी फिरवायची आणि हात जोडायची. शेजारची भागीबाई म्हणाली, टीव्हीला नैवेद्य कुठल्या शास्त्रात सांगितलाय? ठमाबाई म्हणाली, तुझा भूतकाळ कुठल्या शास्त्रात बसतोय ते आधी सांग. पुन्हा कोणी विचारलं नाही. सावळीराम मात्र दरवर्षी त्या घडीला मोटार बंद करायला जायचा.

वर्षं गेली. नाशिक मखमलाबादच्या अंगावर चालून आलं, मेथीच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. पुढे-मागे करून करून कॅसेट झिजली, आणि झिजली ती नेमकी त्याच जागी. आधी पांढऱ्या रेघा आल्या, मग बुरशी धरली, मग ज्ञानू वरंब्यावर चढला की त्याचे पायच दिसेनासे झाले. पोरगं तिसऱ्यांदा चाललं होतं. स्नेहलने सीडीचा प्लेअर आणून दिला आणि म्हणाली, दीपककडून सीडी करून घे, ती झिजत नाही. तिथी दोन दिवसांवर आली होती. ठमाबाई पदराखाली कॅसेट झाकून भुरभुर पावसात पंचवटीत गेली.

दीपकला आता टक्कल आणि कॉम्प्युटर दोन्ही आलं होतं. त्याने कॅसेट उघडून नाक मुरडलं.

“मावशी, हिच्यात काही राहिलं नाही. पण माझ्याकडे मूळ कॅमेऱ्याची कॅसेट आहे माळ्यावर. ढोल-बिल घालायच्या आधीची, जशी काढली तशी. तो प्रसंग त्यातून देतो, एकदम लख्ख.”

“देवासारखा पावलास,” ठमाबाई म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मूळ कॅसेट सुरू झाली. निळा रंग नव्हता. ऊन होतं, आणि तिची त्या सालची मेथी होती, अशी हिरवीगार, की तिला जुड्या बांधाव्याशा वाटल्या. भाग्यश्री पळाली. बुजगावणं धावत आलं आणि वाफ्याशी थबकलं. आणि कुठूनतरी, अगदी कानाशी, आवाज आला.

“पळा ना, बाबा! ती पोचली बघा त्र्यंबकला!”

ठमाबाई स्टुलावरून पुढे सरकली.

बुजगावण्याने मान वर केली. गोणपाटातून घोगरा आवाज आला, “अरे, मेथी हाय ती. तुझी आई जीव घेईल माझा.”

“बाबा, खुनी हायेत तुम्ही! खुनी!”

“खुनी असलो तरी मेथी हाय.”

मग हसू फुटलं. कानाशी, मोठमोठ्याने, श्वास अडकेपर्यंत कोणीतरी हसत होतं, आणि त्या हसण्याबरोबर मळा, विहीर, आभाळ, सगळं गदगदा हलत होतं. बुजगावणं वरंब्यावरून तोल सांभाळत पलीकडे गेलं. तिथे त्याने गोणपाट ओढून काढलं आणि घाम पुसला. आत सावळीराम होता. केसांत गोणपाटाचे तंतू, चेहरा लालबुंद.

“आईला सांगू नको रं हे सोंग,” तो म्हणाला, आणि कॅसेट संपली.

ठमाबाईने दीपककडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. तिला काही म्हणता काही कळेना. “ज्ञानू कुठाय?”

“बोलतोय ना, मावशी. तोच तर.”

“मग दिसंना का?”

“कसा दिसेल? कॅमेरा त्याच्याकडे होता.” दीपकलाही तिचा गोंधळ उमगेना. “गोणपाट घातलं की त्याला शिंकांवर शिंका. पहिल्याच दिवशी काढलं त्याने. तुम्ही एवढं शिवून दिलेलं म्हणून घरी बोलला नसेल. मग म्हणाला, मी कॅमेरा धरतो. निम्मा पिक्चर त्यानेच काढलाय. त्या दिवशी झुंबर घोटीला गेलेला, सोम्याला ताप, मग काकांनाच उभं केलं आम्ही हातापाया पडून.”

दीपकने करून दिलेली सीडी घेऊन ठमाबाई बाहेर पडली. पाऊस वाढला होता, पण छत्री उघडायचं तिला सुचलं नाही. रिक्षात बसल्यावर तिला पहिली गोष्ट आठवली ती ताटाची. म्हणजे इतकी वर्षं आपण जित्या नवऱ्याचं पान ठेवलं! त्याच्यावरून पाणी फिरवलं, कावळ्याला घास टाकला! कुंकू लावणारी बाई मी, आणि माझ्या हाताने हे! मग संताप आला. या बाप्याला तोंड नव्हतं का? मग दुसरी गोष्ट आठवली. मोटार. भाद्रपदात, भर पावसात, दरवर्षी हा माणूस कसली मोटार बंद करायला जात होता?

घरी सावळीराम ओसरीवर जुड्या बांधत होता. ती तडक आत गेली आणि सीडी लावली.

“आलीस का? झाली नीट?” अर्धी जुडी हातात घेऊन आत येत त्याने विचारलं. पडद्यावर मळा दिसला तसा तो मागे फिरला. “मी जरा मोटार—”

“पाऊस पडतोय भायेर. बसा खाली.”

तिचा स्वर ऐकून तो बसला. भाग्यश्री पळाली. बुजगावणं वाफ्याशी थांबलं.

‘पळा ना, बाबा!’

सावळीराम चटकन वळला आणि दाराकडे बघायला लागला. दारात कोणी नव्हतं. मागून पुन्हा हाक आली, तेव्हा त्याने टीव्हीकडे बघितलं, आणि मग बायकोकडे बघायचं धाडस त्याला होईना. हातातली जुडी सुटून मेथी मांडीवर पसरली.

सगळं संपून पडदा काळा झाला.

“मी सांगनार होतो,” तो म्हणाला. “त्याच दिवशी सांगनार होतो. पन तू हसलीस. वरीसभर तू हसली नव्हतीस. म्हनलं, आज राहू दे. मग पुढच्या साली तू ताट ठेवलंस. मग कसं सांगनार?”

“तुमचं पान ठेवत होते मी! मेल्या माणसाचं!”

“त्यानं काय झालं? ठेव की. तुला त्यो दिसत होता ना.”

ठमाबाईला बोलायचं खूप होतं, रिक्षात वाटभर ती जुळवत आली होती. पण भांडायला तोंड उघडावं आणि रडू यावं, असं तिचं झालं. “पळायचं होतं ना हो,” शेवटी ती म्हणाली. “पोरगं एवढं म्हनत होतं. तुडवायची होती मेथी. परत आली असती ती.”

सावळीराम मांडीवरची पानं गोळा करत राहिला.

दोन दिवसांनी तिथी आली. भागीबाई सुद्धा डोकावून गेली, यंदा टीव्हीचं काय म्हणून. ठमाबाईने ताट वाढलं आणि नेहमीसारखी टीव्हीकडे निघाली. दोन पावलांवर ती थांबली. पडद्यावर वरंब्यावर तोल सांभाळणारा जिता नवरा होता. भिंतीवर वटारलेल्या डोळ्यांचा फोटो होता. ताट हातात घेऊन ती खोलीच्या मधोमध घोटाळत उभी राहिली.

“ठेव की,” सावळीराम जमिनीवर बसून म्हणाला.

“कुठं ठेवू? तिकडं त्यो नव्हताच कधी.” ती पडद्याकडे बघत होती. चित्र गदगदा हलायला लागलं होतं, आणि खोलीभर तिच्या पोराचं हसू भरलं होतं. “त्यो बघत होता. या बाजूनं.”

मग तिने नवऱ्याच्या शेजारी एक पाट मांडला, तोंड टीव्हीकडे करून. ताट पाटापुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, आणि पाटाच्या दुसऱ्या अंगाला ती स्वतः बसली. पाट मधे रिकामा ठेवून दोघांनी तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला.